लिपी एक असली तरी लेखन शिकवावेच लागते

इंदूरने १९१७ साली मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषवले आणि लगेच पुढच्या वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही याच शहरात झाले. १९३५ साली तर दोन्ही भाषांची संमेलने एकाच वर्षात येथे भरली. त्यानंतर २००१ साली मराठी संमेलन पुन्हा इंदूरला आले. या इतिहासाचा आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. तरीही तो घटकाभर बाजूला ठेवून एक साधा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आता आली आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर किंवा सुदामा नगर येथे मराठी घरात वाढणारे दहा-बारा वर्षांचे मूल आपल्या मनाने, कोणी न सांगता, एक पानभर मराठी लिहू शकते का? हे मूल मराठी बोलते. नाटकाला नेले तर हसण्याच्या जागी हसते, गणपतीत आरत्या पाठ म्हणते, पुस्तक दिले तर अडखळत का होईना वाचते. लिहायला बसवले की मात्र दुसऱ्या ओळीपाशी त्याचा हात थांबतो आणि ते विचारते, ‘हिंदीत लिहिले तर चालेल का?’

माझे म्हणणे असे आहे की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांची भाषा बोलण्यातून जाण्याच्या कितीतरी आधी लेखनातून जाते, आणि ती जाते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण घरात मराठी ऐकू येत असते. बोलणे टिकवण्यासाठी आम्ही पुष्कळ खटपट करतो. नाटके आहेत, स्नेहसंमेलने आहेत, मनाच्या श्लोकांच्या पाठांतराच्या स्पर्धा आहेत, दिवाळीत फराळाबरोबर मैफली आहेत. लेखन मात्र आपोआप येईल असे आम्ही गृहीत धरले आहे, आणि नेमके तेच कधीही आपोआप येत नाही.

याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. तेथील विधिमंडळाने २०२० साली कायदा करून राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. त्या सक्तीविषयी मतभेद असू शकतात, परंतु तिचा एक परिणाम आमच्यासाठी फार बोलका आहे. उत्तर प्रदेशातून किंवा आमच्याच मध्य प्रदेशातून पुण्याला कामासाठी गेलेल्या कुटुंबातील मूल, ज्याच्या घरात मराठीचा एक शब्द नाही, ते शाळेच्या तासाला पत्र लिहिते, उतारा वाचून उत्तरे लिहिते, चुकते, पुन्हा लिहिते, आणि चार-पाच वर्षांत साधे, नेटके मराठी लिहू लागते. इंदूरच्या मराठी घरातले मूल, ज्याची आजी ओव्या म्हणते आणि आजोबा जुन्या दिवाळी अंकांच्या थप्प्या सांभाळून आहेत, त्याला ते येत नाही. बोलणे रक्तातून नाही तरी घरातून येते. लेखन आठवड्याच्या वेळापत्रकातून येते, आणि आमच्या मुलांच्या वेळापत्रकात मराठीला जागा नाही.

आमच्याकडे एक गैरसमज विशेष घट्ट आहे, तो म्हणजे मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे हिंदी लिहिणाऱ्या मुलाला मराठी लिहिणे सोपे जाईल. वडोदऱ्याच्या मराठी मुलाला गुजराती लिपीतून देवनागरीत यावे लागते, म्हणून तेथील पालकाला निदान हे तरी कळते की मुलाला काही शिकवायला हवे. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या पालकाला तसे वाटत नाही. मूल अक्षरे ओळखते, म्हणजे काम झाले, अशी त्याची समजूत असते. लिपीची सोय खरोखरच मोठी आहे आणि तिचा फायदा घ्यायलाच हवा, पण तीच लिपी फसवतेही. हिंदीच्या पुस्तकात ‘कवि’ आणि ‘शक्ति’ ऱ्हस्व असतात, मराठीत ‘कवी’ आणि ‘शक्ती’ दीर्घ. मराठीत हा संकेत १९६२ साली साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी पक्का झाला. मुलाला यातले काहीच माहीत नसते, आणि शाळेत ज्या लेखनाला बरोबरची खूण मिळते त्याच लेखनाला रविवारच्या वर्गात लाल शाई का लागते, हे त्याला कोणी सांगत नाही. ‘ळ’ त्याच्या हिंदीच्या वहीत येत नाही, म्हणून ‘काळा’ची जागा ‘काला’ घेतो. ‘सूर्य’ त्याला लिहिता येतो, पण ‘दुसऱ्या’मधला र कसा काढायचा ते त्याला कोणी दाखवलेलेच नसते, त्यामुळे ते ‘दुसर्या’ लिहिते. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘माझी पुस्तक हरवली’.

आमच्या वस्तीत दर रविवारी सकाळी मुलांचा एक छोटा मराठी वर्ग भरतो आणि त्यात मीही शिकवतो. तेथील पाचवीतल्या एका मुलीने लिहिलेला उतारा येथे जसाच्या तसा देतो, कारण या प्रश्नाचे सगळे दोरे त्यात एकत्र आले आहेत. ‘रविवारी आम्ही आजीच्या घरी गेलो. आजीने बोलली की आज पोहा बनवू. मी कोपर्यातल्या दुकान वर जाऊन शेव आणि जीरावन आणला. एका पुडी मध्ये शेव कमी होती म्हणून मी दुकान वाले काकांना सांगितले. काका हसले आणि मुठ भर शेव जास्ती दिली.’

हा उतारा चांगला आहे. मी हे मुद्दाम आधी सांगतो, कारण वर्गात आलेल्या बहुतेक मोठ्या माणसांची पहिली प्रतिक्रिया ‘किती चुका!’ अशी होती. शेव कमी असल्याचे या मुलीने पाहिले, त्यासाठी ती दुकानदाराशी बोलली, आणि दुकानदाराचे हसू तिने शेवेच्या आधी ठेवले. लेखनात जे शिकवून सहसा येत नाही ते तिच्यापाशी आहे. जे नाही ते शिकवता येण्यासारखे आहे. आता चुकांकडे पाहू. ‘दुकान वर’, ‘पुडी मध्ये’, ‘दुकान वाले’, ‘मुठ भर’ या चार ठिकाणी एकच गोष्ट घडली आहे. हिंदीत शब्दयोगी अव्यय नामापासून वेगळे लिहितात आणि ते तेथे बरोबर आहे. ही मुलगी तो नियम इमानाने पाळते आहे. मराठीत ते नामाला जोडले जाते आणि जोडताना नाम अनेकदा आपले रूप बदलते, ‘दुकान’चे ‘दुकाना’ हे सामान्यरूप होते आणि मग ‘वर’ लागतो. चार चुका दिसल्या तरी शिकवायचा धडा एकच आहे. ‘आजीने बोलली’ आणि ‘पोहा’ हे वेगळे धडे आहेत, ते पुढच्या रविवारी. ‘कोपर्यातल्या’मधला र त्याहूनही पुढे ठेवला तरी बिघडत नाही.

येथे शिक्षकाने दोनपैकी एक वाट निवडायची असते. एका वाटेने गेले की पानावर दहा लाल खुणा होतात, मुलीला घरी पाठवले जाते आणि पुढच्या वेळी ती चारच ओळी लिहिते, कारण कमी लिहिले की कमी चुकते हे तिला समजलेले असते. दुसऱ्या वाटेने गेले तर फळ्यावर दोन रकाने काढायचे, एका बाजूला हिंदीतली ‘दुकान पर’, ‘घोड़े को’, ‘पाठशाला में’ अशी जोडपी आणि दुसऱ्या बाजूला ‘दुकानावर’, ‘घोड्याला’, ‘शाळेत’, आणि दोन्हींत फरक काय दिसतो ते मुलांनाच शोधायला सांगायचे. ती दहा मिनिटांत शोधतात. एवढेच नव्हे तर ‘घोड़ा’चे ‘घोड़े’ होते तेव्हा हिंदीतही नाम बदलतेच, हे एखादे चलाख पोर शिक्षकाला सांगते. हिंदी हे मराठीवरचे संकट आहे असे मानणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात हे घडू शकत नाही. ज्या मुलाचे हिंदी पक्के आहे, त्याला मराठीचे व्याकरण हिंदीच्या शेजारी ठेवून शिकवणे हा सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि तो रस्ता इंदूरच्या शिक्षकाला जेवढा खुला आहे तेवढा पुण्याच्या शिक्षकालाही नाही.

या संदर्भात शुद्धतेचा प्रश्न टाळता येत नाही, कारण आमच्यातले अनेक ज्येष्ठ त्यावर फार हळवे आहेत. ‘मी जेवून राहिलो आहे’ असे मुलाने म्हटले की त्यांना वाईट वाटते. मला वाटत नाही. इंदुरी मराठी ही हिंदी आणि माळवीच्या शेजारात वाढलेली मराठी आहे, आणि तिचा स्वतःचा गोडवा आहे. मुलाने गोष्टीत आजोबांचे संवाद लिहिताना ते तसेच लिहावेत. त्याच वेळी बातमी, अर्ज, वर्णन लिहिताना प्रमाण मराठी वापरता यावी, इतके दोन्ही हातांचे कौशल्य त्याच्यापाशी हवे. पण हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी पान भरता आले पाहिजे, मग ते सुधारता येते. आम्ही वर्षानुवर्षे उलटा क्रम लावला, शुद्धलेखनाच्या स्पर्धा आधी आणि लेखन नंतर कधीतरी. परिणामी काही मुलांना ‘आशीर्वाद’ अचूक लिहिता येतो, पण तो कोणाला आणि कशासाठी द्यायचा हे तीन वाक्यांत सांगता येत नाही.

निबंधस्पर्धांविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ‘माझी मायबोली’, ‘मी पाहिलेला सूर्योदय’, ‘आईचे महत्त्व’ या विषयांवर आलेले निबंध मी वाचले आहेत, आणि त्यांतील बरेचसे कोणत्या आजीने किंवा मावशीने लिहून दिले आहेत हे अक्षर मुलाचे असूनही पहिल्या परिच्छेदात कळते. बक्षीस मुलाला मिळते, सराव आजीला. आजीला लिहायला आवडत असेल तर तिच्यासाठी वेगळी स्पर्धा ठेवावी, माझी काहीच हरकत नाही. मुलांना मात्र असे विषय हवेत ज्यांची माहिती फक्त त्यांच्यापाशी आहे, आणि असा वाचक हवा ज्याला ती माहिती खरोखर हवी आहे. राजवाड्यावरून सराफ्याला चालत कसे जायचे ते नागपूरहून येणाऱ्या मामेभावाला लिहून कळवणे, सोसायटीच्या गणपतीची सूचना मराठीत तयार करणे, आजोबांना कापड गिरणीच्या दिवसांबद्दल पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून काढणे, नाटक पाहून आल्यावर कोणता प्रवेश कंटाळवाणा वाटला ते कारणासह सांगणे, ही खरी लेखनाची कामे आहेत. शेवटच्या कामाचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. ‘सानंद’सारख्या संस्थेमुळे इंदूरच्या मराठी मुलाला महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांतल्या मुलांपेक्षा अधिक मराठी रंगभूमी पाहायला मिळते. इतके पाहणाऱ्या मुलाकडून आपण त्यावर चार ओळी लिहून मागत नाही, ही आपली कसूर आहे.

मोबाईलचा मुद्दा येथे येतो. आमची मुले आजी-आजोबांना मराठीत निरोप पाठवतात, पण रोमन अक्षरांत, किंवा बोलून टंकलिखित करतात. हिंदी कळफलक निवडलेला असतो, त्यामुळे सुचवले जाणारे शब्द हिंदी असतात आणि मूल मराठी वाक्याच्या मध्येच हिंदीकडे वळते. मराठी कळफलक बसवून देणे हे पालकाचे दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर घरच्या गटावर मुलाने मराठीतून लिहावे आणि त्याला मराठीतूनच उत्तर यावे, एवढी शिस्त घराने पाळली तरी आठवड्याला एका वर्गाइतका सराव होतो. मात्र यंत्र बोललेले टिपून देते म्हणून लेखन आले असे समजू नये. बोललेले वाक्य तोडून, जोडून, वाचकाला नीट कळेल असे लावणे हेच लेखन, आणि ते यंत्र मुलाच्या वतीने शिकू शकत नाही.

आता राज्याच्या जबाबदारीकडे वळू. कायद्याने आम्ही अल्पसंख्य आहोत यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात स्पष्ट केले की भाषिक अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे. म्हणून मध्य प्रदेशात मराठी भाषक अल्पसंख्य ठरतात आणि महाराष्ट्रात हिंदी भाषक. संविधानाच्या २९व्या अनुच्छेदाने आपली भाषा जतन करण्याचा आणि ३०व्या अनुच्छेदाने आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क तर आमच्यासाठी सर्वांत जवळचा आहे. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. ‘स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द सहसा कोणी वाचत नाही, पण त्यांत महानगरपालिकाही येते. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असली तर मातृभाषेची सोय करावी, हे सूत्र त्याही आधी, १९४९च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झाले होते.

हे सगळे असूनही मी मराठी माध्यमाची शाळा सुरू करा अशी मागणी करणार नाही. शहरातील मराठी शाळा जुन्या पिढीच्या आठवणीत आहेत, आणि त्यांचे विद्यार्थी सरकारने हिरावून नेले नाहीत. आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालणारे आम्हीच होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात माध्यम निवडण्याचा अधिकार पालकाचा असल्याचे सांगितले, तेव्हा हा प्रश्न न्यायालयापुरता मिटला. घरचे पोर इंग्रजी शाळेत पाठवून भाषेच्या मोर्चात घोषणा देण्यात मला अर्थ दिसत नाही. मागणी माध्यमाची न करता विषयाची करावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या भाषाविषयांच्या यादीत मराठी आहे. आमच्याकडच्या शाळांत तिसरी भाषा म्हणजे संस्कृत हे जवळपास ठरूनच गेले आहे, आणि त्यामागे संस्कृतप्रेमापेक्षा शिक्षक सहज मिळण्याची सोय अधिक आहे. ज्या शाळेत मराठी घरांतील मुलांची संख्या पुरेशी आहे तेथे सहावी ते आठवी या तीन वर्षांत तिसऱ्या भाषेच्या जागी मराठीचा पर्याय मिळावा, ही मागणी छोटी आहे, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील घरच्या भाषेविषयीच्या आग्रहाशी जुळणारी आहे, आणि ती करणाऱ्या पालकांच्या सह्या गोळा करता येतील अशी आहे. सह्या दहा आल्या नाहीत तर दोष कोणाचा, हेही त्यातून कळेल.

मुलावर आधीच हिंदी, इंग्रजी आणि संस्कृतचे ओझे असताना आणखी एक भाषा कशाला, असा आक्षेप पालक घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु भाषा मुलाच्या डोक्यात जागेसाठी भांडत बसत नाहीत. एका भाषेत मुद्देसूद लिहायला शिकलेले मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत नेते, कारण परिच्छेद कोठे तोडायचा, कारण आधी सांगायचे की परिणाम, ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे कसे ठेवायचे, या गोष्टी कोणत्याही एका भाषेच्या मालकीच्या नाहीत. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत दुभाषिक मुलांबद्दल हेच मांडले, आणि सोबत एक इशाराही दिला: गप्पा मारण्यापुरती भाषा लवकर येते, अभ्यासाची भाषा यायला कितीतरी अधिक वर्षे लागतात. आमची मुले मराठीत पहिल्या पायरीवर थांबली आहेत आणि आपण त्यालाच शिखर समजतो आहोत.

शिवाय निवडीचा प्रश्न आहे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. त्यांचे शिक्षण इंदूरच्या होळकर महाविद्यालयात झाले आणि ते हिंदीतले थोर कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहिते झाले आणि तेथे मान्यता पावले. राहुल बारपुते यांनी ‘नई दुनिया’च्या संपादकपदावरून हिंदी पत्रकारितेच्या पिढ्या घडवल्या. मराठी माणसाने हिंदीत लिहिण्यात काहीही कमीपणा नाही, उलट या शहराचे ते एक वैभव आहे. फक्त त्या माणसांपुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. मराठीत चार वाक्ये लिहिता न आल्यामुळे हिंदीत लिहिणाऱ्या मुलाने काहीच निवडलेले नसते.

येथे एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे. आम्ही सुखवस्तू अल्पसंख्य आहोत. मराठी ही या शहरात कधीकाळी दरबाराची भाषा होती, तिच्यामागे महाराष्ट्रासारखे राज्य, प्रकाशनव्यवहार, वर्तमानपत्रे आणि २०२४पासून अभिजात भाषेचा दर्जा आहे. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांवर लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. त्याच जनगणनेत देशभरात एक कोटीहून अधिक लोकांनी भिली नोंदवली, आणि ती आजही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून इंदूरला बांधकामावर आलेल्या भिल कुटुंबाचे मूल पहिलीत बसते, तेव्हा त्याला हिंदीच परकी असते. आमच्या मुलाचे मराठी लेखन राहून गेले तर एक वारसा जातो. या मुलाला समजणाऱ्या भाषेत पहिले अक्षर मिळाले नाही तर त्याची शाळाच जाते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यातले ‘शक्य असेल तेथवर मातृभाषेतून’ हे कलम खरे तर त्याच्यासाठी आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी शाळाच पाड्यावर आणि कुरणात नेली, मुलांच्या परिसरातल्या वस्तूंपासून शिकवायला सुरुवात केली. तो अनुभव मराठीतला आहे आणि आपल्याला वाचता येतो. आपल्या हक्कासाठी ३५०-कचा हवाला देणाऱ्या मराठी मंडळाने त्याच निवेदनात भिली, निमाडी, सिंधी आणि उर्दू मुलांचाही उल्लेख केला, तर त्याच्या शब्दाला वजन येईल. केवळ आपल्यापुरते मागणाऱ्याला अधिकारी सांस्कृतिक कार्यक्रमाचे अनुदान देऊन वाटेला लावतात, हे आम्ही पाहिले आहे.

राहता राहिला शिक्षकाचा प्रश्न, आणि सगळे अखेर तेथेच अडते. रविवारचे वर्ग चालवणारी मंडळी बहुतेक निवृत्त, हौशी आणि प्रेमळ आहेत. मराठी त्यांना उत्तम येते, परंतु मराठी येणे आणि दुसऱ्या भाषेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला मराठी लेखन शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांना सामान्यरूपाची चूक कोठून येते हे माहीत असायला हवे, कोणती चूक आज सोडायची आणि कोणती धरायची याचा निर्णय घेता यायला हवा, मुलाने तोंडी सांगितलेले आधी स्वतः लिहून दाखवण्याचा आणि मग त्याच्याकडून लिहून घेण्याचा संयम हवा. हे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आठवडाभराच्या शिबिरात शिकवता येते, शिकवणारे अनुभवी लोक महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांचा प्रवासखर्च, मुक्काम व मानधन एखाद्या गाजलेल्या नाटकाच्या दौऱ्याच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी येईल. शहरातल्या मराठी संस्थांनी यासाठी एकत्र यावे, असे ठराव अनेकदा झाले आहेत. आता ठराव नको. प्रत्येक संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात ‘मुलांचे लेखन’ असा एक खर्चाचा मथळा घालावा आणि त्यापुढे शून्य न लिहिता एक आकडा लिहावा. वर्षअखेरीला त्या आकड्याचा हिशेब प्रमाणपत्रांच्या संख्येने न मागता, मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या, चुकांसकट जपून ठेवलेल्या पानांच्या गठ्ठ्याने मागावा, आणि तो गठ्ठा सर्वसाधारण सभेत टेबलावर ठेवावा, म्हणजे सभासदांना तो चाळता येईल.